चिलटाच्या पाठीवरचा त्रिशूळ

मे महिन्यात वाशीच्या एपीएमसी फळबाजारात शिरलं की आधी वास येतो, माणसं नंतर दिसतात. पेटीतून बाजूला काढलेला डागी हापूस, फुटलेलं अननस, तुडवलेला ओला पेंढा, आणि त्यावर तरंगणारी चिलटं. मी तिथून दोन डागी आंबे मागून आणले. देणाऱ्याला वाटलं, रसासाठी.

बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती ही नव्हे. ती धडक्या आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. 2014 साली युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला तो तिच्यासारख्या किडींपायी. आपलं चिलट, म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर, त्या मानाने गरीब. त्याला आंबायला लागलेलं फळ हवं आणि त्यावरचं यीस्ट.

जॅमच्या बाटलीत फोड टाकली, चिमूटभर बेकरीचं यीस्ट भुरभुरलं, तोंडाला कागदाचं नरसाळं बसवलं. पहिल्या खेपेला फोड इतकी रसाळ होती की निम्मी चिलटं बुडून मेली. मग मुकाट्याने केळ्यावर आलो. दुसऱ्या दिवशी सतरा सापडली. बाटली थोडा वेळ बर्फात ठेवली की ती गारठून पडतात. पांढऱ्या कागदावर ओतायची आणि जागी व्हायच्या आत भिंगाखाली पाहून घ्यायची. डोळे लाल, नराच्या पोटाचं टोक काळं. छातीच्या वरच्या बाजूला, उजेड तिरका पडला तर, तीन टोकांचा करडा डाग दिसतो. शास्त्रज्ञही त्याला त्रिशूळच म्हणतात.

या त्रिशुळावर रोहतकच्या रवी परकाश यांच्या गटाने फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर काम केलं. निबंध 1997 सालचा. अशा कामाची खरी मेहनत माश्या पकडण्यात नाही, सांभाळण्यात आहे. एकेक मादी वेगळ्या नळीत ठेवायची, तिची प्रजा म्हणजे एक घराणं. मग गावोगावची घराणी सारख्या तापमानात, सारख्या अन्नावर वाढवायची. कारण थंडीत वाढलेलं चिलट कुठलंही असो, काळपटच होतं. हवेचा हा हिशेब वजा करूनही जो फरक उरेल तो रक्तातला. तो उरला. उत्तरेकडे आणि डोंगरात त्रिशूळ गडद, दक्षिणेकडे फिका. पुढच्याच वर्षी आलेल्या निबंधात आणखी एक गोष्ट दिसली: उत्तरेकडची माशी कोरड्या हवेत जास्त तग धरते, दक्षिणेकडची उपाशीपोटी.

मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हिमाचलचं सफरचंद, नागपूरची संत्री, केरळचं अननस, सगळे ट्रक इथे बाजाराच्या फाटकातून आत येतात. फळाबरोबर अंडी-अळ्याही येत असणारच. पाहुणे येतात, इथल्यांशी जुळतात. तरी उत्तर-दक्षिण उतार पुसला जात नाही. म्हणजे ट्रक जेवढं मिसळतात, त्याहून हवा जोराने निवडून काढते. पंचवीस अंशांना दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते, तेव्हा निवडीला सवडही भरपूर. असा उतार आपल्याकडेच आहे असंही नाही. आंबलेल्या फळातली दारू पचवणाऱ्या विकराची दोन रूपं या माशीत आहेत. त्यांतलं जलद रूप ऑस्ट्रेलियाच्या आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, दोन्हीकडे, विषुववृत्तापासून दूर जाताना वाढत जातं. मूळची आफ्रिकेतली माशी. दोन्ही खंडांवर ती माणसाच्या मागोमाग गेली.

नवी मुंबई साधारण एकोणीस अंश उत्तरेला. माझ्या सतरा चिलटांचे त्रिशूळ फिकेच निघाले. पण ती मे महिन्यातल्या उकाड्यात वाढलेली, त्यामुळे तो पुरावा धरता येत नाही.