लग्नघरातील कोठीची किल्ली आणि मंगळावरचे यान

छापील दैनिकात काही वर्षे काढलेल्या उपसंपादकाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. रात्री पान सुटल्यानंतर हाती आलेली बातमी कितीही अचूक असली, तिच्यातील प्रत्येक वेलांटी जागच्या जागी असली, तरी त्या दिवसापुरती ती निरुपयोगीच. आमच्या व्यवसायात अशा उशिराची किंमत फार तर दुसऱ्या दिवशी ऐकावी लागणारी बोलणी एवढीच असते. परंतु आपल्या अवतीभवती आज अशी असंख्य यंत्रे आहेत, ज्यांच्या पोटात बसवलेल्या छोट्या संगणकाला हाच नियम लागू आहे. आणि तिथे उशिराची किंमत प्रसंगी प्राणाने मोजावी लागते.

मोटारीतील एअरबॅगचे उदाहरण घ्या. टक्कर झाली हे ओळखून पिशवी फुगवण्याचा निर्णय मोजक्या मिलिसेकंदांत व्हावा लागतो. तोच निर्णय अर्ध्या सेकंदाने झाला, तर तो बरोबर असूनही चुकीचाच ठरेल, कारण तोवर चालकाचे डोके स्टिअरिंगवर आदळलेले असेल. हृदयाचे ठोके सांभाळणारा पेसमेकर, निसरड्या रस्त्यावर चाके अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा, रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा पंप, या सर्वांची जात एकच. यंत्राच्या आत कायमच्या बसवलेल्या अशा संगणकांना 'एम्बेडेड' म्हणतात आणि ठरलेल्या मुदतीत काम पुरे करण्याच्या त्यांच्या बांधिलकीला 'रिअल-टाइम'. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ पुष्कळजण 'वेगवान' असा करतात. तो खरे तर 'वेळेवर' असा आहे. सरासरीने झटपट पण शंभरात एकदा रेंगाळणारे यंत्र येथे कामाचे नाही. थोडे संथ, पण मुदत कधीही न चुकवणारे यंत्र हवे.

एक आचारी, अनेक चुली

अडचण अशी की, अशा संगणकाला एकाच वेळी अनेक कामे पाहावी लागतात आणि प्रोसेसर बहुधा एकच असतो. एकाच आचाऱ्याने तीन चुली सांभाळाव्यात तसा हा प्रकार आहे. पोळी लाटता लाटता दूध वर येऊ लागले, की तो लाटणे खाली ठेवून आधी दूध उतरवतो आणि मग पुन्हा पोळीकडे वळतो. संगणकही हेच करतो. प्रत्येक कामाला अग्रक्रम दिलेला असतो. वरच्या क्रमाचे काम उभे राहिले, की खालचे काम जिथल्या तिथे थांबवले जाते.

कोणाला कोणता क्रम द्यावा, यालाही गणित आहे. सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ साली दाखवून दिले की, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांपैकी ज्याची फेरी जितकी लवकर येते, त्याला तितका वरचा क्रम द्यावा. असे केले आणि सर्व कामे मिळून प्रोसेसरचा सुमारे ६९ टक्क्यांहून अधिक वेळ खात नसतील, तर त्यांची संख्या कितीही असो, कोणाचीही मुदत चुकत नाही. मात्र या सुबक सिद्धान्तामागे एक अट दडलेली आहे: ही कामे एकमेकांवर अवलंबून नसावीत. व्यवहारात ती तशी क्वचितच असतात. त्यांची माहितीची वही एकच असते, तार एकच असते, साठवणीची जागा एकच असते. आणि जिथे वस्तू सामाईक, तिथे कलहाला वाव असतोच.

एका वहीत दोघांनी एकाच क्षणी लिहू नये म्हणून प्रोग्रामर तिला कुलूप लावतात. या कुलपाला 'म्युटेक्स' म्हणतात. किल्ली ज्याच्या हाती, त्यानेच आत जायचे आणि काम आटोपल्यावर किल्ली परत करायची. व्यवस्था निर्दोष वाटते. तिच्यातला दोष कळायला लग्नघरात डोकवावे लागेल.

किल्ली कोणाकडे?

पंगत बसण्याच्या बेतात आहे. मुख्य आचाऱ्याला कोठीतून तूप हवे आहे. त्या घटकेला त्याच्याइतका महत्त्वाचा माणूस मांडवात दुसरा नाही. परंतु कोठीची किल्ली घरातल्या एका पोराकडे आहे. पत्रावळी काढायला म्हणून त्याने ती घेतली होती. आचारी म्हणतो, ठीक आहे, पोर क्षणभरात येईलच. तेवढ्यात त्या पोराला वाटेत एक काका गाठतात आणि पाणी आणायला पिटाळतात. पाणी देतो न देतो तोच मावशी खुर्च्या मांडायला सांगतात. मग मामा पानाचे तबक मागतात. सगळेच त्याच्याहून वडील. कोणाला नाही म्हणण्याची त्याची प्राज्ञा नाही. इकडे आचारी हात चोळत उभा आणि पंगत खोळंबलेली. गंमत अशी की, येथे कोणीही नियम मोडलेला नाही. तरीही मधल्या मानकऱ्यांच्या किरकोळ कामांनी सर्वांत महत्त्वाचे काम अडवून धरले. संगणकशास्त्रात या उलट्या क्रमाला 'प्रायॉरिटी इन्व्हर्जन' असे नाव आहे.

यावरचा उपाय लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात सविस्तर मांडला. आचारी किल्लीसाठी थांबला आहे ना? मग किल्ली परत येईपर्यंत त्या पोराला आचाऱ्याचाच मान द्या. तेवढ्या काळापुरते काका, मावशी, मामा यांनी त्याला अडवायचे नाही. किल्ली परत केली, की पोर पुन्हा पोर. या युक्तीला अग्रक्रमाचा वारसा, म्हणजे 'प्रायॉरिटी इनहेरिटन्स' म्हणतात.

मंगळावर घडलेली गोष्ट

अमेरिकेच्या नासा संस्थेचे 'मार्स पाथफाइंडर' यान ४ जुलै १९९७ रोजी हवेच्या पिशव्यांच्या आवरणात उसळ्या घेत मंगळावर उतरले. त्याच्या पोटातून 'सोजर्नर' ही छोटी गाडी बाहेर पडली, छायाचित्रे येऊ लागली आणि जगभर कौतुक झाले. परंतु काही दिवसांतच, हवामानाची मोजमापे सुरू झाल्यानंतर, यानावरील संगणक मधूनच स्वतःहून बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. गोळा झालेली माहिती त्यामुळे नष्ट होत नसे. पण त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. लँडरचे नियोजित आयुष्य एक महिन्याचे आणि गाडीचे अवघे सात दिवसांचे. अशा मोहिमेत एकेक दिवस मोलाचा होता.

या यानाची कामे 'व्हीएक्सवर्क्स' नावाची रिअल-टाइम कार्यप्रणाली सांभाळत होती. उपकरणांकडून येणारी माहिती एका सामाईक तारजोडणीवरून सेकंदाला आठ फेऱ्यांत गोळा होई. प्रत्येक फेरीत दोन महत्त्वाची कामे होती: एक पुढच्या फेरीची आखणी करणारे आणि दुसरे आलेली माहिती ज्याची त्याला वाटणारे. आखणी करणारे काम आधी पाहून घेई, की वाटप पुरे झाले आहे ना. नसल्यास काहीतरी गंभीर बिघडले आहे असे समजून ते संगणक नव्याने सुरू करी. कोणी निरीक्षणाला नाही अशा ठिकाणी ही खबरदारी योग्यच होती.

तिसरे काम हवामानाच्या उपकरणांचे, खालच्या क्रमाचे. तेच आपल्या कथेतले पोर. माहिती घेताना ते कार्यप्रणालीतील एक कुलूप क्षणभर आपल्याकडे घेई. त्याच क्षणी वाटपाच्या कामाला तेच कुलूप हवे झाले, की ते थांबे. आणि नेमक्या त्याच वेळी मधल्या क्रमाची दीर्घ चालणारी कामे उभी राहिली, की ती हवामानाच्या कामाला बाजूला सारून प्रोसेसर ताब्यात घेत. किल्ली अडकली, वाटप अडले, मुदत टळली आणि संगणक नव्याने सुरू झाला.

अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रयोगशाळेत यानाच्या हुबेहूब प्रतिकृतीवर हा प्रसंग पुन्हा घडवून आणला. चाचणीसाठी घातलेली नोंद ठेवण्याची सोय त्यांनी उड्डाणाच्या प्रोग्राममधून काढून टाकलेली नव्हती. तिचा येथे उपयोग झाला. त्या कुलपासाठी अग्रक्रमाच्या वारशाची सोय कार्यप्रणालीत तयार होती, परंतु ती चालू केलेली नव्हती. तिच्या इतर परिणामांची तपासणी करून त्यांनी तेवढा बदल रेडिओसंदेशाने मंगळावर पाठवला. त्यानंतर ही अडचण उरली नाही आणि यानाने २७ सप्टेंबर १९९७ पर्यंत माहिती पाठवली.

या कथेतील सर्वांत बोधप्रद भाग मात्र उड्डाणापूर्वीचा आहे. हा बिघाड चाचणीत दिसला होता. तो पुन्हा घडवून पाहण्याचा प्रयत्न झाला, पण जमले नाही. आणि सारे लक्ष यान सुखरूप उतरवण्याकडे लागले असल्याने त्याचा छडा लागायचा राहिला.

पुन्हा न दिसणारी चूक

साध्या प्रोग्राममधील चूक प्रामाणिक असते. तीच माहिती दिली, की ती पुन्हा हजर होते. अनेक कामे एकत्र चालतात तिथे चूक घडण्यासाठी क्षणांचा विशिष्ट मेळ जमावा लागतो. दहा-दहा पावलांची केवळ दोन कामे घेतली, तरी त्यांची पावले एकमेकांत १,८४,७५६ प्रकारे मिसळू शकतात. त्यांतील एखादाच प्रकार घातक असेल, तर शंभर चाचण्या निर्विघ्न पार पडूनही काहीच सिद्ध होत नाही.

मंगळावर दिवस वाया गेले. रुग्णालयात माणसे गेली. 'थेरॅक-२५' हे कर्करोगावर किरणोपचार करणारे कॅनडात बनलेले यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिल्याचे नोंदले गेले. त्यांपैकी दोन घटना १९८६ च्या मार्च आणि एप्रिल महिन्यांत टेक्सासमधील टायलर येथे एकाच केंद्रात घडल्या. यंत्रावर काम करणाऱ्या तंत्रज्ञ महिलेने उपचाराचा प्रकार चुकून क्ष-किरण असा टंकला आणि लगेच मागे जाऊन तो इलेक्ट्रॉन असा दुरुस्त केला. पडद्यावर दुरुस्ती दिसली. पण त्या वेळी प्रोग्रामचे दुसरे काम यंत्रातील चुंबके जुळवण्यात सुमारे आठ सेकंद गुंतलेले असे आणि एवढ्या अवधीत झालेली दुरुस्ती त्याच्या ध्यानात येत नसे. परिणामी क्ष-किरणांसाठी लागणारा प्रखर झोत मधल्या आडोशाशिवाय थेट रुग्णावर पडला. पहिल्या घटनेनंतर निर्मात्यांच्या तंत्रज्ञांनी यंत्र तपासले. त्यांना काही आढळले नाही आणि यंत्र पुन्हा वापरात आले. दुसरी घटना त्यानंतर घडली. दोन्ही रुग्ण दगावले.

याच घराण्यातील आधीच्या यंत्रातही ही चूक होती. परंतु तिथे प्रोग्रामवर विसंबून न राहणारी स्वतंत्र संरक्षक जोडणी होती. चूक झाली की फ्यूज उडे, माणूस वाचे. नव्या यंत्रात प्रोग्रामवर भरवसा ठेवून ती जोडणी वगळली होती.

तेव्हापासून या क्षेत्रातील शिस्त बरीच कडक झाली आहे. प्रत्येक कामाला वाईटात वाईट स्थितीत किती वेळ लागेल, हे आधी मोजले जाते. किल्ली हाती असण्याचा काळ शक्य तितका लहान ठेवला जातो. जिवाशी गाठ असेल तिथे प्रोग्रामखेरीज वेगळा आडोसा ठेवण्याचा आग्रह धरला जातो. तरीही टायलरची चूक शेवटी कोणी पकडली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तेथील भौतिकशास्त्रज्ञ आणि ती तंत्रज्ञ महिला यंत्रापुढे बसले. त्या दिवशी नेमके काय टंकले होते, हे तिने आठवून आठवून पुन्हा केले आणि ते पुरेशा झपाट्याने केले तरच चूक घडते, हे त्यांच्या ध्यानात आले.

म्हणून घरातले, दवाखान्यातले किंवा मोटारीतले एखादे यंत्र एकदाच विचित्र वागले आणि पुन्हा सुरळीत चालू लागले, तर "झालं असेल काहीतरी" म्हणून सोडून देऊ नये. त्या क्षणी आपण काय करत होतो, कोणते बटण आधी दाबले, किती घाईने दाबले, हे कागदावर लिहून दुरुस्ती करणाऱ्याला सांगावे. तो कदाचित हसेल. पण अशा चुकीचा माग एवढ्याशा नोंदीवरूनच लागतो.