तापता मार्च आणि युरियाची आणखी एक गोणी

पंजाब व हरियाणातील गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत असताना आलेला मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. फेब्रुवारीत शासनाचा अंदाज सुमारे ११ कोटी १३ लाख टन गव्हाचा होता. प्रत्यक्ष उत्पादन सुमारे १० कोटी ७७ लाख टन झाले. १३ मे रोजी केंद्र शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. दोनच दिवसांनी या राज्यांतील सरकारी खरेदीसाठी चिमलेल्या व तुटक्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्के करावी लागली.

असे का व्हावे? ओंबीतील दाण्यांची संख्या बहुतांशी फुलोऱ्यापर्यंत ठरून जाते. पुढे दाण्याचे वजन वाढते आणि त्यासाठी थंड दिवस लागतात. अकाली ऊन तापले की पीक लवकर पिकते, दाणा भरण्याचा काळ आखडतो व दाणा चिमतो. भाताच्या कापणीनंतर उशिरा पेरलेल्या गव्हाला हा फटका अधिक बसतो.

उत्पादन घटले की पुढील हंगामात युरियाची एक गोणी अधिक टाकावी, असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. अनुदानामुळे ४५ किलोची गोणी तीनशे रुपयांच्या आत मिळतेही. परंतु पीक नत्र मुख्यतः फुलोऱ्यापूर्वी शोषून घेते. उन्हाने हिरावलेले दिवस खत परत आणू शकत नाही. शिवाय उष्ण हवेत जमिनीवर पसरलेल्या युरियातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते. काही अंश नायट्रस ऑक्साइड या वायूत रूपांतरित होतो. त्याची तापकारक शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे. म्हणजे वाया गेलेली गोणी उष्णतेत भरच घालते.

खरा उपाय वेळ साधण्यात आहे. भाताची धसकटे न जाळता हॅपी सीडरने नोव्हेंबरमध्येच पेरणी करणे, उष्णता सोसणारे वाण निवडणे, मृदा आरोग्य पत्रिकेनुसार खत हप्त्याहप्त्याने देणे आणि दाणे भरताना हलके पाणी देणे, हे त्यातील प्रमुख मार्ग होत.

पीककर्जाची परतफेड गहू विकूनच होते. खर्च वाढला आणि दाणा भरला नाही, तर तफावत थकबाकीच्या रूपाने खात्यात उतरते. म्हणून कर्जप्रकरण तपासताना खतांच्या गोण्यांबरोबर पेरणीची तारीखही आपण आवर्जून विचारावी.