कोळसा आणि हवा

कोळसा जळला की तो नाहीसा झाला असे वाटते. मागे उरते ती थोडी राख. वस्तुतः पदार्थ नष्ट होत नाही. कोळशातील कार्बनचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड हा अदृश्य वायू निर्माण होतो. 12 भाग कार्बन 32 भाग प्राणवायू घेतो आणि 44 भाग वायू होतो. म्हणजेच एक टन कार्बन जाळला असता सुमारे 3.67 टन वायू हवेत मिसळतो.

पृथ्वीपासून अवकाशात जाणारी उष्णता हा वायू काही अंशी अडवून धरतो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी 1958 साली हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर त्याचे नियमित मापन सुरू केले. तेव्हा कोरड्या हवेच्या दर दहा लक्ष रेणूंत त्याचे सुमारे 315 रेणू होते. 2024 साली ते 420 हून अधिक झाले.

मग कोळसा सोडून का देऊ नये? ब्रिटनने विजेपुरता तो सोडला. लंडनमध्ये 1882 साली कोळशावरील सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले होते; त्या देशातील असे अखेरचे केंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद पडले. परंतु त्याच वर्षी जगातील कोळशाचा खप पूर्वीच्या कोणत्याही वर्षापेक्षा अधिक झाला.

याचे कारण असे की, जगाची ऊर्जेची भूक वाढतच आहे. खनिज तेल आले तरी कोळसा गेला नाही. तेलाची त्यात भर पडली. सूर्य व वारा यांपासून मिळणारी वीज वेगाने वाढत असली, तरी तिचा पुष्कळसा भाग वाढत्या मागणीतच खर्ची पडतो. शिवाय रात्रीसाठी वीज साठवावी लागते, आणि सिमेंट बनविताना तर चुनखडीतूनच हा वायू बाहेर पडतो.

भारतापुढील प्रश्न विशेष बिकट आहे. येथील दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. तथापि 2024 साली सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासूनच मिळाली. घरोघरी पुरेशी वीज पोहोचविणे आणि 2070 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे 2021 साली जाहीर केलेले उद्दिष्ट गाठणे, ही दोन्ही कार्ये एकाच वेळी साधावयाची आहेत.

नवी साधने किती उभारली, एवढ्यावरून या कार्याचे यश मोजता येणार नाही. जो कोळसा न जाळता भूगर्भातच राहील, तेवढाच हवेवरचा भार टळेल.