निरोगी माणसांत दडलेलं जनुक

विदर्भात किंवा सातपुड्याच्या पट्ट्यात रक्ताच्या अहवालावर ‘एएस’ ही अक्षरं दिसली की घरचे हादरतात. पण एएस म्हणजे सिकलसेलचा वाहक, रुग्ण नव्हे.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतं. एक आईची, एक वडिलांची. सिकलसेलमध्ये त्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच. दोन्ही प्रती अशा असल्या, म्हणजे ‘एसएस’, तर प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे असह्य दुखतात. शिवाय त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी पडतं. एक प्रत चांगली असेल, म्हणजे ‘एएस’, तर मात्र माणूस सहसा आयुष्यभर धडधाकट राहतो.

आता हजार वस्तीचं एक गाव समजा. तिथे या जनुकाच्या दोन हजार प्रती आहेत आणि त्यांतली दर दहावी प्रत सदोष आहे. लग्नं या जनुकाचा विचार न करता होत असतील, तर साधारण 10 जण एसएस निघतील आणि 180 जण एएस. सदोष प्रती एकूण 200. त्यांतल्या रुग्णांकडे फक्त 20. उरलेल्या 180 निरोगी माणसांत बसलेल्या! जनुक जितकं विरळ, तितका दडलेला वाटा मोठा. म्हणूनच नुसते रुग्ण मोजून या आजाराचा अंदाज येत नाही.

एवढं घातक जनुक टिकलं कसं? अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळतं. मलेरियाच्या मुलखात एएस मुलं जास्त जगली आणि जनुक पुढे देत राहिली.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात एसएस मूल होण्याची शक्यता 25 टक्के असते. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ हा समज फार घात करतो; दर खेपेला शक्यता तेवढीच. उलट, वाहकाचा जोडीदार ‘एए’ असेल, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील, तर एकही मूल एसएस होत नाही. तरीही एएस अहवालावरून लग्न मोडतं आणि बोल बहुधा मुलीलाच लागतो, हा शुद्ध अन्याय आहे.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. उद्दिष्ट 2047 सालचं. तपासणीत एक गोष्ट जपायची: विद्राव्यता चाचणी फक्त ‘एस’ आहे एवढंच सांगते. एएस की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावरच कळतं. दोघंही वाहक असलेल्या जोडप्याला गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी तपासून घेता येतात. आणि एसएस बाळ जन्मतःच ओळखलं गेलं, तर पेनिसिलिन, लसी आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया वेळेवर सुरू करता येतं.