विदर्भाएवढ्या देशाचे पावणेसात महाराष्ट्र

1934 साली पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात वसाहतींचं प्रदर्शन भरलं. त्यासाठी एन्रिक गाल्वाव या अधिकाऱ्याने युरोपच्या नकाशावर अंगोला आणि मोझांबिक या आपल्या आफ्रिकी वसाहती मांडून दाखवल्या, तर युरोपचा मोठा भाग झाकला गेला. वर मथळा होता, पोर्तुगाल हा लहान देश नाही. हा नकाशा शाळांच्या भिंतींवर गेला.

पोर्तुगाल 92 हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या विदर्भाहूनही जरा लहान. एकटा अंगोला चार महाराष्ट्रांएवढा, मोझांबिक अडीच महाराष्ट्रांहून मोठा आणि पोर्तुगीज गिनी (आजचा गिनी-बिसाऊ) कोकणाहून किंचित मोठा. तिन्ही मिळून पावणेसात महाराष्ट्र!

आकडा ऐकून छाती फुगावी अशीच त्या नकाशाची योजना होती. पण त्या रंगवलेल्या प्रदेशात माणसं राहत होती आणि त्यांना सक्तीच्या मजुरीला जुंपलं जात होतं. हे पुढे खुद्द गाल्वावनेच 1947 मध्ये अंगोलाविषयीच्या अहवालात लिहिलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने त्याला तुरुंगात टाकलं.

माणसं मोजायचं काम खऱ्या अर्थाने केलं ते अमिल्कार काब्रालने. लिस्बनमध्ये शिकलेला हा कृषितज्ज्ञ 1953 मध्ये सरकारी नोकर म्हणून गिनीची शेती-गणना करत गावोगाव फिरला. दोन हजारांहून अधिक शेतकऱ्यांची शेतं, पिकं, भुईमुगाचा पेरा त्याने नोंदवला. सरकारला हवी होती पिकांची आकडेवारी. काब्रालला गवसला आपला देश. कुठल्या गावात कोण राहतं, काय पिकवतं, कशाने नाडलं जातं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे पेटलेल्या स्वातंत्र्यलढ्यातली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

3 ऑगस्ट 1959 रोजी गिनीची राजधानी बिसाऊ इथल्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढ मागणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला. काब्रालने स्वातंत्र्यासाठी काढलेल्या पक्षाने मृतांचा आकडा पन्नास सांगितला. त्यानंतर पक्ष शहरं सोडून खेड्यांकडे वळला आणि जानेवारी 1963 मध्ये लढाई पेटली. अंगोला 1961 पासूनच धुमसत होता. 1964 मध्ये मोझांबिकही उठलं.

दरम्यान एप्रिल 1961 मध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींमधल्या चळवळी एकत्र बसल्या. त्यात गोव्याचे प्रतिनिधीही होते. त्याच डिसेंबरात गोव्यातली साडेचारशे वर्षांची सत्ता दीड दिवसात संपली. आफ्रिकेला मात्र तेरा वर्षं लागली.

त्या वर्षांचं गणित आजही डोक्यात मावत नाही. नव्वद लाखांच्या आसपास वस्तीच्या पोर्तुगालने आठ लाखांच्या घरात माणसं लष्करी सेवेत ओढली. अखेरीस दीड लाखाच्या आसपास फौज आफ्रिकेत अडकली होती. सरकारी तिजोरीतला चाळीस टक्क्यांहून जास्त पैसा लष्कराकडे जात होता. गिनीत तर पाच-सहा लाख लोकांवर तीस हजारांहून अधिक सैनिक होते, म्हणजे दर अठरा-वीस माणसांमागे एक बंदूक. तरीही गिनी हातातून निसटत गेला.

20 जानेवारी 1973 रोजी शेजारच्या देशातल्या कोनाक्रीत काब्रालचा खून झाला. आठ महिन्यांनी मदिना दो बोए इथे गिनीने स्वातंत्र्य जाहीर केलं. नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालचा तिथला ताबा बेकायदा ठरवला, 93 विरुद्ध 7 मतांनी. 25 एप्रिल 1974 रोजी लिस्बनमध्ये युद्धाला कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनीच राजवट उलथली. नोव्हेंबर 1975 मध्ये अंगोलावरचाही पोर्तुगीज झेंडा उतरला. पाच लाखांच्या आसपास पोर्तुगीज परतले आणि लिस्बनच्या नदीकाठी, दर्यावर्दींच्या स्मारकापाशी, त्यांच्या लाकडी खोक्यांचे ढीग लागले.

तिथून जवळच बेलेंमध्ये त्या युद्धातल्या सैनिकांचं स्मारक आहे. मेलेल्या आठ हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथल्या भिंतीवर एकेक करून कोरलेली आहेत. ज्यांच्या गावांवर बाँब पडले, त्या आफ्रिकी माणसांचे मात्र फक्त अंदाज आहेत, तेही हजारांच्या फरकाने.