ओंदेलगाची पाटी

पहाटे ५.४५. कार्तिकात हिरण्यकेशीचं पाणी उतरलंय, काठची माती अजून ओली आहे. मावशी उकिडव्या बसून विळा चालवतात. वेल जमिनीसरपट, गाठीगाठीला मुळं धरलेली. पानं गोलसर, कडेला कातरलेली. देठ मुठीत धरायचे, कापायचे. उपटायचं नाही. "मुळं ऱ्हायली तर पंधरा दिसानं परत येतंय."

७.००. तीन पाण्यांत धुणं. गवत निवडून काढायचं, जुडीला केळीच्या सोपाचा बंद. अडतीस जुड्या झाल्या. बोटांवर उसाच्या पाल्यानं कापल्याच्या जुन्या रेघा. हंगामात भांगलणीला गेल्या की तीनशे हजेरी.

८.१५. वडापला वीस रुपये, पाटीचे वेगळे दहा. रस्त्यावर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळं गाडी रांगेतच.

९.१०. संकेश्वरच्या बाजारात पोतं अंथरलं. बसायची पावती दहा रुपये. एक बाई कानडीत भाव विचारते. "ओंदेलगा एष्टु, अक्का?" "हत्तु रुपाय." पुढची बाई मराठीत ब्राह्मी मागते. मावशी दोघींना एकाच ढिगातली जुडी देतात. आयुर्वेदाच्या ग्रंथात हिचं नाव मंडूकपर्णी. घरी हिची ताक घालून चटणी होते.

११.३०. पायाच्या अंगठ्याला पट्टी बांधलेले एक काका थांबले. साखरेचा त्रास, जखम महिनाभर भरत नाही. पान वाटून लावू का?

"खावा चटणी करून. जखमंवर नगा लावू, चिखलातलं हाय. डाक्टरला दावा."

सल्ला चोख होता. काकांचा प्रश्नही रास्त होता. जखम भरायची तर तिथं नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात, आणि मधुमेहात तेच रेंगाळतं. १९९९ साली लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी या वनस्पतीतला एशियाटिकोसाइड हा घटक वेगळा काढून त्यावरचं काम प्रसिद्ध केलं. त्याचं ०.२ टक्के द्रावण गिनी पिगच्या जखमांवर लावलं, तर भरलेल्या कातडीचा ताण सोसायचा जोर ५७ टक्क्यांनी वाढला. मधुमेही उंदरांना ०.४ टक्के लावलं, त्यांच्याही जखमा चांगल्या भरल्या. कोंबडीच्या अंड्यात वाढत्या पिल्लाभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं असलेला पातळ पडदा असतो. त्यावर हा घटक लावलेली चकती ठेवली. चकतीवर ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा पंचवीस हजारावा भाग. तेवढ्यानं नव्या वाहिन्या फुटायला चालना मिळाली. पण तो शुद्ध घटक होता, मोजून घेतलेला. पाटीतल्या पानात तो किती, हे काठ, पाणी आणि ऋतू ठरवतात. म्हणून मला मावशींचं "नगा लावू" फार मोलाचं वाटतं. एक जुडी जास्त खपली असती, तरी त्यांनी ते सांगितलं.

काकांनी दोन जुड्या घेतल्या, चटणीला.

२.००. भाकरी, झुणका, कांदा. पानं मलूल पडतात. दर अर्ध्या तासाला पाण्याचा हबका, वर ओलं फडकं.

५.३०. हिशेब. एकतीस जुड्या गेल्या, तीनशे दहा आले. जाण्यायेण्याचे आणि पावतीचे मिळून साठ वजा. हातात अडीचशे. उरलेल्या सात जुड्या पत्र्यावर सावलीत वाळवायच्या. काष्ठौषधीचा दुकानदार वाळलेला माल किलोवर घेतो. पण सात जुड्या वाळून मूठभर होतात, त्यामुळं पोतं भरायला महिने जातात.

हजेरीपेक्षा पन्नास कमी पडले. उद्या भांगलणीला जाणार का, विचारलं.

"मुकादम शनवारी बोलिवतोय. तवर नदीच."