वायु-हायड्रेट रोधके

उच्च दाब व कमी तापमान असताना नैसर्गिक वायू आणि पाणी यांच्यापासून बर्फासारखा जो घन पदार्थ तयार होतो त्यास वायु-हायड्रेट म्हणतात. तो खनिज तेलाच्या व नैसर्गिक वायूच्या नळमार्गांत साचून प्रवाह बंद पडू नये म्हणून जी रसायने मिसळतात ती वायु-हायड्रेट रोधके होत. [⟶ नैसर्गिक वायू].

निर्मिती : पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन पिंजऱ्यासारखी जाळी बनते व तिच्या पोकळ्यांत मिथेन, एथेन, प्रोपेन, कार्बन डाय-ऑक्साइड यांसारख्या वायूंचे रेणू अडकून राहतात. वायू व पाणी यांच्यात रासायनिक बंध नसतो. तथापि पोकळ्या रिकाम्या असल्यास जाळी टिकत नाही. शुद्ध मिथेनाचे हायड्रेट ०° से. तापमानास सु. २६ वातावरण, तर १०° से. तापमानास सु. ७० वातावरण दाबाखाली बनते. प्रोपेन वा हायड्रोजन सल्फाइड मिसळलेले असल्यास याहून कमी दाब पुरतो. म्हणजेच पाण्याच्या गोठणबिंदूच्या वरही नळ बुजू शकतो.

सर हंफ्री डेव्ही यांनी १८१० च्या सुमारास क्लोरीन हायड्रेटाचा शोध लावला. त्यानंतर शतकभर हा विषय प्रयोगशाळेपुरताच राहिला. वायूच्या नळांत अडकणारा ‘बर्फ’ वस्तुतः हायड्रेट असतो, हे अमेरिकेतील ई. जी. हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखविले आणि तेव्हापासून रोधकांचा पद्धतशीर विचार सुरू झाला.

प्रकार : (१) ऊष्मागतिकीय रोधके : मिथेनॉल व मोनोएथिलीन ग्लायकॉल ही यांतील प्रमुख होत. ती पाण्यात मिसळून हायड्रेट बनण्याचे तापमान खाली नेतात. हॅमरश्मिट यांच्या सूत्रानुसार पाणी व मिथेनॉल यांच्या मिश्रणात वजनाने २५ टक्के मिथेनॉल असल्यास हे तापमान सु. १३° से.ने उतरते, ग्लायकॉलाचा रेणू जड असल्याने तेवढ्याच प्रमाणात ही घट सु. ७° से. भरते. मिथेनॉल स्वस्त आहे. परंतु ते बाष्परूपाने वायूबरोबर निघून जाते, ज्वालाग्राही आहे आणि अल्प मात्रेत पोटात गेल्यासही अंधत्व किंवा मृत्यू ओढवू शकतो. ग्लायकॉलाचा उकळबिंदू सु. १९७° से. असल्याने पाणी उकळून काढून ते पुन्हा वापरता येते. मात्र त्यात साठत जाणारी लवणे काढावी लागतात.

(२) गतिकीय रोधके : पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, पॉलिव्हिनिल कॅप्रोलॅक्टम इ. जलविद्राव्य बहुवारिके स्फटिकांच्या केंद्रकांना चिकटून त्यांची वाढ मंदावतात. ती हायड्रेट कायमचे टाळत नाहीत. केवळ वायू धोक्याच्या टापूतून पार पडेपर्यंत त्याची निर्मिती लांबवितात. प्रवाह दीर्घकाळ थांबल्यास किंवा तापमान समतोल-तापमानापेक्षा सु. १०°–१२° से.हून अधिक खाली गेल्यास त्यांचा भरवसा धरता येत नाही.

(३) पुंजरोधके : चतुर्थक अमोनियम लवणांसारखे हे पृष्ठक्रियाकारक होत. हायड्रेट बनू देऊन त्याचे कण तेलात सुटे ठेवावयाचे, हे त्यांचे कार्य असल्याने नळात द्रवरूप हायड्रोकार्बन असणे आवश्यक असते. पहिल्या प्रकारातील रोधक पाण्याच्या वजनाच्या पंचमांशापासून निम्म्यापर्यंतही लागते, तर नंतरच्या दोन प्रकारांतील रोधके साधारणतः ०.५ ते २ टक्के पुरतात. या दोहोंचा औद्योगिक वापर मुख्यतः १९९० नंतर वाढला.

अडथळा काढणे : नळात बसलेला बोळा सोडविण्यासाठी दोन्ही बाजूंचा दाब सावकाश व सारखा उतरवितात. दाब एकाच बाजूने उतरविल्यास सुटलेला बोळा बंदुकीच्या गोळीसारखा धावून नळ फोडू शकतो; अशा अपघातांत कामगारांचे प्राण गेले आहेत. फक्त एकाच जागी उष्णता दिल्यास मुक्त होणारा वायू कोंडून दाब धोकादायक रीत्या वाढतो. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये सु. १,५०० मी. खोलीवरील तेलगळती रोखण्यासाठी उतरविलेला पोलादी घुमट हायड्रेट साचल्यामुळेच निरुपयोगी ठरला.

भारतातील उपयोग : १९७४ मध्ये शोध लागलेल्या मुंबई हाय क्षेत्रात समुद्र उथळ व पाणी उबदार असल्याने तळाच्या थंडीचा धोका कमी असतो. तेथे उत्पादन-मंचांवरच ट्रायएथिलीन ग्लायकॉलाने वायूतील बाष्प शोषून घेतात. हे रोधन नव्हे, तर निर्जलीकरण होय. याउलट कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल समुद्रात २००९ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या केजी-डी६ क्षेत्रात तळ थंड व दाब मोठा असल्याने मोनोएथिलीन ग्लायकॉल वापरावे लागले.

जमिनीवरील नळमार्गांची स्थिती आणखी निराळी असते. समृद्धी महामार्गालगत टाकलेला मुंबई–नागपूर वायुनळमार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. अशा मार्गात वाळविलेला वायू वाहतो आणि विदर्भातील जमीन पुरलेल्या नळाच्या खोलीवर वर्षभर उबदार राहत असल्याने एरवी रोधकाची गरज पडत नाही. तथापि दोन प्रसंगी दक्षता आवश्यक असते. नवा नळ पाण्याच्या दाबाने तपासल्यावर मागे राहिलेले पाणी दट्ट्यांनी व कोरड्या हवेने पूर्णपणे काढावे लागते. तसेच शहराला वायू पुरविण्यापूर्वी दाब उतरविताना दर १० वातावरणांमागे वायू सु. ५° से.ने थंड होतो. दाब ७० वरून २० वातावरणांवर आणल्यास ही घट सु. २५° से. होते आणि वायूत बाष्प राहिले असल्यास झडपेतच हायड्रेट धरते. यासाठी वायू आधी तापवितात व अडचणीच्या वेळी थोडे मिथेनॉल सोडतात. पाणी काढणे शक्य असेल तेथे ते काढणे हाच मुख्य उपाय असून जेथे ते शक्य नाही तेथे रोधकाचे महत्त्व असते.